शिसं अडकलं तरी गरी वाचते

दिवाळीनंतर गोव्यातलं साळावलीचं धरण भरलेलं असतं आणि तळाशी बुडालेल्या कुर्डी गावाचे चिरे, झाडांची खोडं. शिंगाळा मासा धरायला शिशाचं वजन तळाला सोडलं की अडकतं, मग गरीसकट दोरी तुटते.

मुख्य दोरी 0.35 मिमीची घ्या, टोकाला तीन कड्यांचं स्विव्हल, म्हणजे फिरता जोड. एका कडीला 0.30 ची 40 सेंमी दोरी, तिला गरी नि गांडूळ. उरलेल्या कडीला 0.18 ची वीतभर दोरी, तिला शिसं. अडकल्यास काठी दोरीच्या रेषेत धरून सावकाश ओढा. बारीक दोरीच तुटते. शिशाऐवजी जुना स्पार्क प्लग बांधला तर तेवढंही दुःख नाही. फेकताना झटका नको, वजन हवेतच सुटतं. गरीच अडकली तर मात्र इलाज नाही.

शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे काटे असतात, बोचले की ठणका लागतो. फडक्यात धरून पकडीनेच गरी काढा.