/व्हार नवीन डिस्कवर हलवलं आणि मायएसक्यूएल उठेना? असं शोधा नेमकं काय अडलंय

लिनक्स सर्व्हरचं रूट पार्टिशन (मुख्य सिस्टिमची डिस्क) भरत आलं की आपण नवीन डिस्क लावतो, /व्हार, म्हणजे लॉग आणि डेटाबेसच्या फाइल्स असतात तो फोल्डर, तिकडं हलवतो, रिबूट मारतो, बाकी सगळं व्यवस्थित वर येतं आणि मायएसक्यूएल डेटाबेस मात्र उठायचं नाव घेत नाही. कनेक्ट करायला गेलं की एरर २००२, सॉकेटमधून सर्व्हरशी कनेक्ट होता येत नाही. इथं बरेच जण घाबरून पॅकेज काढून परत टाकतात, नाहीतर कुठंतरी वाचून आयबी-लॉगफाइल (मायएसक्यूएलच्या स्वतःच्या लॉग फाइल्स) उडवतात. कृपा करून यातलं काहीही करू नका, डेटा बहुतेक वेळा शाबूत असतो, फक्त सर्व्हरला तिथपर्यंत पोचता येत नसतं. खालचं सगळं उबुंटू धरून लिहितोय.

आधी सिस्टिमसीटीएलने सर्व्हिस थांबवा, म्हणजे सिस्टिमडी (सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) ती परत परत उठवत बसणार नाही. मग /व्हार/लॉग/मायएसक्यूएल मधला एरर लॉग उघडा. आता लॉगसुद्धा /व्हारमध्येच असतो, त्यामुळे तो फोल्डरच नीट आला नसेल तर फाइल रिकामी दिसेल, अशा वेळी जर्नलसीटीएलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या लॉगमध्ये बघा. तिथं एररचा नंबर शोधा. २ असेल तर फाइल किंवा फोल्डर सापडत नाहीये, १३ असेल तर सापडलंय पण परवानगी नाही. पुढं कुठं बघायचं ते या नंबरवरून ठरतं.

२ आला तर फाइंडएमएनटी चालवून /व्हार खरंच नवीन डिस्कवरून माउंट झालंय का, म्हणजे ती डिस्क त्या फोल्डरला जोडली गेलीय का ते बघा. नसेल तर एफएसटॅबमधली (बूटच्या वेळी कुठली डिस्क कुठं जोडायची ती यादी) ओळ तपासा, यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) ब्लॉकआयडीने परत काढून जुळवा आणि माउंट -ए करून बघा. एफएसटॅबमध्ये नोफेल टाकलेलं असेल तर काढा, कारण त्याच्यामुळे बूट माउंटसाठी थांबत नाही आणि डेटाबेस आधीच सुरू व्हायला जातो. याहून वाईट म्हणजे जुनी कॉपी रूट पार्टिशनवर तशीच असली आणि माउंट झालं नाही तर मायएसक्यूएल जुन्या डेटावर मजेत चालू होतं, नवीन एंट्री तिकडं पडत राहतात आणि दोन वेगवेगळ्या कॉपी तयार होतात. म्हणून सर्व्हिस चालू दिसली तरी माउंट बघाच.

१३ आला तर मालकी बघा. रूट युजर होऊन साध्या सीपी -आरने कॉपी केलं असेल तर सगळ्या फाइल्स रूट युजरच्या नावावर झालेल्या असतात, सीएचओनने /व्हार/लिब/मायएसक्यूएल आतल्या सगळ्यासकट मायएसक्यूएल युजर आणि ग्रुपच्या नावावर करा. पुढच्या वेळी सीपी -ए किंवा आरसिंक आर्काइव्ह मोडमध्ये वापरा, आणि तेही डेटाबेस थांबवूनच. मालकी बरोबर असूनही १३च येत असेल तर नेमआय -एल ला पूर्ण पाथ द्या, सगळ्यात वरच्या फोल्डरपासून शेवटपर्यंत प्रत्येक फोल्डरची परवानगी एकाखाली एक दिसते आणि मधल्याच कुठल्यातरी फोल्डरवर आत शिरायची परवानगी नसते ते लगेच कळतं. ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी देऊन मोकळं होऊ नका, कॉन्फिग फाइल सगळ्यांना लिहिता येण्यासारखी झाली तर मायएसक्यूएल ती वाचतच नाही, म्हणजे एक भानगड सोडवताना दुसरी. /टेम्प पण हलवलं असेल तर त्याला १७७७ परवानगी लागते.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट, अ‍ॅपआर्मर, म्हणजे कुठल्या प्रोग्रॅमला कुठल्या फाइल्सना हात लावता येईल ते ठरवणारी उबुंटूची सुरक्षा यंत्रणा. समजा तुम्ही फक्त डेटाचा फोल्डर /डेटा/मायएसक्यूएल मध्ये नेला आणि जुन्या जागी सिमलिंक (नवीन जागेकडं बोट दाखवणारा शॉर्टकट) टाकली. मालकी बरोबर, परवानगी बरोबर, तरीही १३. कारण अ‍ॅपआर्मर सिमलिंकच्या पलीकडचा खरा पाथ बघतो आणि त्याच्या प्रोफाइलमध्ये (परवानगी असलेल्या पाथची यादी) फक्त जुना पाथ लिहिलेला असतो. डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश) डिनाइड शोधा, मायएसक्यूएलडीचं (मायएसक्यूएलचा सर्व्हर प्रोग्रॅम) नाव आणि अडवलेला पाथ दोन्ही तिथं सापडतात. मग /ईटीसी/अ‍ॅपआर्मर.डी/ट्यूनेबल्स मधली अलियास नावाची फाइल उघडा, अलियास शब्द, जुना पाथ, बाण, नवीन पाथ अशी एक ओळ लिहा, दोन्ही पाथच्या शेवटी स्लॅश आणि ओळीच्या शेवटी स्वल्पविराम हवाच, आणि अ‍ॅपआर्मर रीलोड करा. मला विचाराल तर सिमलिंकपेक्षा बाइंड माउंट (एक फोल्डर दुसऱ्या जागीही जोडणं) बरं, त्यात पाथ जुनाच राहतो आणि प्रोफाइलला हात लावावा लागत नाही. रेड हॅटच्या घराण्यातलं काही असेल तर तिथं अ‍ॅपआर्मरच्या जागी एसईलिनक्स असतं, सेमॅनेजने नव्या फोल्डरला मायएसक्यूएलचं लेबल द्या आणि रिस्टोरकॉन चालवा.

सर्व्हिस सुरू झाली की एकदा पूर्ण रिबूट करून बघा, मायएसक्यूएलचं डेटाडिर व्हेरिएबल (डेटाच्या फोल्डरचा पत्ता) कुठला पाथ दाखवतंय ते तपासा आणि दोनचार टेबलमधल्या सगळ्यात ताज्या एंट्री बघा. जुनी कॉपी माउंटच्या खाली झाकली गेलेली असते, डीएफमध्ये (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) जागा भरलेली दिसते पण फाइल्स दिसत नाहीत. रूट पार्टिशन दुसरीकडं बाइंड माउंट केलं की ती दिसेल. बॅकअप घेऊन, तो बॅकअप रिस्टोर होतोय याची खात्री करून मगच ती काढा.