सिव्हिलायझेशन ५: जादा रेशीम विकताना रोख सोने का मिळत नव्हते

सिव्हिलायझेशन ५ या संगणकीय खेळात 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' हा विस्तार (मूळ खेळाला जोडायचा जादा भाग) घातल्यानंतर माझी एक अडचण कायम होती: रेशमाचे दोन साठे हाती असूनही व्यवहाराच्या पटलावर समोरच्या संगणकीय राजाकडून एकरकमी सोने मागण्याचा पर्याय बंदच दिसे. किंमत उतरवली, जोडीला लोखंड आणि घोडे ठेवून पाहिले. काहीच हलले नाही, आणि खरे सांगायचे तर चीड आली.

कारण नियमातच आहे. या विस्तारात एकरकमी सोने फक्त मैत्रीची घोषणा झालेल्या राजाशीच घेता-देता येते. इतरांकडून प्रत्येक फेरीला ठरावीक सोने एवढेच घेता येते.

म्हणून आता मी प्रथम राजनयाच्या पटलावर कोणाकडे किती सोने शिल्लक आहे आणि कोणाकडे रेशीम नाही हे पाहतो, कारण ज्याच्याकडे ते आधीच आहे तो सहसा भाव देत नाही. मग त्याच्यापुढे मैत्रीच्या घोषणेचा प्रस्ताव ठेवतो, आणि तो मान्य झाल्यावरच व्यवहार उघडून माझ्या बाजूला रेशीम व त्याच्या बाजूला २४० सोने मांडतो. मैत्री नाकारली गेली, तर त्याच रेशमावर फेरीला ७ सोने मागतो. नाराज राजा त्याहून कमी देतो. दुसऱ्या साठ्याने आपल्या प्रजेचा आनंद वाढत नसल्यामुळे तो विकण्यात तोटा नाही. सामान्य गतीच्या खेळात करार ३० फेऱ्यांनी संपतो, तेव्हा तो पुन्हा करावा लागतो.