दाताले कातडी राह्यते का जी? ‘बाय द स्किन ऑफ माय टीथ’ वापरताना या चुका टाळा

मोहफुलं वेचायचे दिवस आले की चंद्रपूरकडच्या जंगलकाठच्या गावांत वाघाच्या तावडीतून वाचल्याच्या गोष्टी सुरू होतात. दहावीच्या एका पोराला अशीच गोष्ट इंग्रजीत लिहायला सांगितली. त्यानं लिहिलं, ‘ही एस्केप्ड बाय स्किन ऑफ टूथ.’ मागच्या बाकावरून लगेच आवाज, "सर, दाताले कातडी राह्यते का जी?"

नाही राहत, आणि सगळी मजा तिथंच आहे. जी नाहीच, तिच्या जाडीएवढ्या फरकानं वाचला, असा आज अर्थ घेतात. शब्द बायबलमधले, ईयोबाच्या पुस्तकातले (19:20). 1560 च्या जिनिव्हा बायबलमध्ये आणि 1611 च्या किंग जेम्स आवृत्तीत तिथं ‘विथ’ आहे. आज ‘बाय’च म्हणायचं. मराठीत ‘दाताच्या कातडीनं वाचला’ लिहू नका. ‘थोडक्यात वाचला’ पुरे.

पोराचं ‘द’ राहिलं, ‘हिज’ राहिलं आणि ‘टीथ’चं ‘टूथ’ झालं. दात नेहमी अनेकवचनी, आणि ज्याचा जीव त्याचेच दात: माय, हिज, हर.

पण खरी गफलत अर्थात होते. समजा, एकानं तारेवर आकडा टाकून वर्षभर मोटर चालवली आणि कोणी विचारलंही नाही. हे ‘गॉट अवे विथ इट’: चूक केली, शिक्षा चुकली. लाइनमनची गाडी वळणावर दिसली आणि त्यानं त्याच मिनिटाला आकडा ओढून घेतला, तर मात्र ‘बाय द स्किन ऑफ हिज टीथ’. इथं गुन्ह्याचं काही नाही, फरक किती कमी राहिला तेवढंच बघायचं. म्हणून 35 गुणांवर पास झालेल्यालाही हे चालतं, धावत जाऊन लालपरी पकडणाऱ्यालाही. 80 गुणवाल्याला नाही.

‘जिवावरचं बोटावर निभावलं’ हेही जसंच्या तसं बसत नाही. बैलबंडी उलटली, जीव वाचला पण हात मोडला, तर आपण ते म्हणतो. म्हणजे थोडी झळ बसलेली असते. इंग्रजीत ती लागतेच असं नाही.

‘स्कॉट-फ्री’ तर वेगळंच. त्यातला स्कॉट म्हणजे जुन्या काळची पट्टी, कर. स्कॉटलंडचा संबंध नाही. शिक्षा न होता सुटला, एवढाच अर्थ.

आणि हे सगळं बोलण्यातलं. बँकेला इंग्रजीत अर्ज करताना दात मध्ये आणू नका, सरळ ‘नॅरोली’ (थोडक्यात) लिहा.