मांजरपाटाला पोलिॲनिलीन चढवताना

माझे आजोबा बडोद्याच्या कलाभवनात रंगाई शिकले. सयाजीरावांनी १८९० साली काढलेली ती शाळा. ‘ॲनिलीन ब्लॅक’चं नाव निघालं की ते म्हणत, रंग पक्का, पण कापड कुजवतो. जॉन लाइटफूट या इंग्रज रंगरेजाने १८६३ साली पेटंट घेतलेला तो काळा रंग आणि मी कॉलेजच्या मुलांकडून कापडावर चढवून घेते ते वीज वाहणारं पोलिॲनिलीन (ॲनिलीन या रसायनाचे रेणू साखळीत जोडून बनलेलं), दोघं एकाच घरातले. तेव्हा कापड कुजण्याची भीती इथेही आहेच.

हे स्वयंपाकघरात मुळीच करू नका. ॲनिलीन कातडीतून अंगात शिरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी करतं. कॉलेजची प्रयोगशाळा, धूर ओढणारं कपाट, चष्मा, नायट्राइलचे हातमोजे, एवढं हवंच. तेलकट ॲनिलीनपेक्षा ॲनिलीन हायड्रोक्लोराइड घ्या. ते घन क्षार असल्यामुळे तोलायला सोपं जातं.

आता कापड. निम्म्या मुलांचं इथेच बिघडतं. कोऱ्या मांजरपाटावर खळ असते, कापसाचं स्वतःचं मेण असतं. आधी रात्रभर पाण्यात भिजवून खळ सोडवा, मग धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळा आणि भरपूर पाण्यात धुवा. वाळल्यावर पाण्याचा थेंब ठेवून बघा. थेंब मोत्यासारखा बसून राहिला, तर पुन्हा उकळा. कंटाळा केलात तर लेप डागाडागांनीच बसणार.

२.५९ ग्रॅम ॲनिलीन हायड्रोक्लोराइड पाण्यात विरघळवून ५० मिली करा. दुसऱ्या भांड्यात ५.७१ ग्रॅम अमोनियम परसल्फेट (ॲनिलीनचे रेणू जोडायला लावणारं रसायन), तेही पाण्यात विरघळवून ५० मिली. कापडाचा दोन-तीन ग्रॅमचा तुकडा पहिल्या पाण्यात अर्धा तास भिजू द्या, मग दुसरं पाणी हळूहळू ओता आणि काचेच्या कांडीने तुकडा उलटापालटा करत राहा. सुरुवातीला काहीच होत नाही. मग निळसर छटा येते, भांडं कोमट लागतं, रंग गडद निळा होतो आणि शेवटी हिरवा. हा हिरवा दिसेपर्यंत हात थांबवू नका. बडोद्याच्या उन्हाळ्यात हे भराभर होतं, थंडीत वाट बघावी लागते. पुढे तासभर तसंच ठेवा.

उरलेलं पाणी मोरीत ओतू नका. आमच्या विश्वामित्री नदीतल्या मगरींना आधीच पुरेसे त्रास आहेत. बाटलीत भरून प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्यात द्या.

तुकडा पातळ (०.२ मोलर) हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये खळबळून पिळा, सावलीत वाळवा. इस्त्री नको, कारण ॲसिड राहिलेला कापूस तापला की कुजतो. लोकर आणि रेशीम ॲसिडला जास्त दाद देत नाहीत, पण सोड्याने खराब होतात, म्हणून ती घेतलीत तर आधी सोड्यात उकळण्याऐवजी सौम्य साबणच लावा. वाळल्यावर मल्टीमीटरची टोकं एक सेंटिमीटरवर ठेवून विजेला होणारा रोध वहीत मांडा, कापडाच्या उभ्या धाग्यांच्या दिशेने मोजला की आडव्या, तेही.

एकदा आमच्याकडे मदतीला येणाऱ्या बाईंनी माझा नमुना बाकीच्या फडक्यांबरोबर डिटर्जंटमध्ये धुतला. हिरवा तुकडा निळा झाला, मल्टीमीटर मुका. साबणाच्या अल्कलीने ॲसिड हिरावलं की पोलिॲनिलीन वीज वाहायचं थांबतं. पुन्हा ॲसिडमध्ये बुडवला, तर हिरवा रंगही आला आणि आकडाही. मला इतकी मजा वाटली, की मुलांना दाखवायला मी तो मुद्दाम निळा-हिरवा करत राहिले. तिसऱ्या वेळी पिळताना तो माझ्या बोटांतच फाटला.