घरात पहिल्यांदा स्टिंगरे पाळताना या चुका टाळा

शोभिवंत माशांच्या दुकानात तळहाताएवढे, नारिंगी ठिपक्यांचे मोटोरो स्टिंगरेचे पिल्लू काचेवरून वर चढताना दिसले, की ते घरी न्यावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. कोकणच्या किनाऱ्यावर ज्यांना आपण पाकट म्हणतो, त्यांचेच हे दूरचे नातलग. मात्र यांचे कूळ दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन, ओरिनोको आणि पाराना या नद्यांमध्ये वाढलेले आहे. घरगुती टँकमध्ये हे मासे पहिल्या काही महिन्यांत दगावतात, तेव्हा कारण क्वचितच एखादा गूढ आजार असतो. बहुतेक वेळा मासा आधी आलेला असतो आणि त्याच्यासाठी लागणारी जागा, पाणी व फिल्टर यांचा विचार नंतर सुरू झालेला असतो. या छंदात मासा सर्वांत शेवटी आणायचा असतो, आणि खाली सांगितलेल्या बहुतेक चुका हा क्रम उलटल्यामुळेच होतात.

पिल्लाच्या मापाने टँक घेणे

दुकानातील पिल्लाची चकती, म्हणजे शेपटी सोडून उरलेले गोल शरीर, साधारण १० ते १२ सेंटिमीटरची असते. पूर्ण वाढलेल्या मोटोरोची चकती घरच्या टँकमध्येही ४५ ते ६० सेंटिमीटरपर्यंत जाते आणि माद्या नरांपेक्षा मोठ्या होतात. हा मासा तळाशी राहतो, त्यामुळे त्याला उंचीचा फारसा उपयोग नसतो, लागते ती रुंदी. चार फूट लांब आणि दीड फूट रुंद टँक कितीही देखणा असला, तरी मोठ्या रेला (स्टिंगरेला थोडक्यात रे म्हणतात) त्यात वळताच येत नाही, चकतीची कड सतत काचेवर घासत राहते आणि तिथे जखमा होतात. एका प्रौढ रेसाठी सहा फूट लांबी व तीन फूट रुंदी हे मी किमान मानतो. दोन ठेवायचे असतील तर आठ बाय चार फुटांच्या खाली जाऊ नये. ‘सध्या छोटा टँक, पुढे मोठा घेऊ’ हा बेत बहुतेक घरांत बेतच राहतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी येथे एक हिशेब अवश्य करावा. आठ बाय चार बाय दोन फुटांच्या टँकमध्ये सुमारे १,८०० लिटर, म्हणजे जवळपास १.८ टन पाणी मावते. काच, वाळू आणि लोखंडी स्टँड यांचे वजन वेगळे. दोन फूट पाण्याचा भार दर चौरस मीटरला सुमारे ६०० किलो पडतो, तर भारतीय मानकानुसार राहत्या खोल्यांचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोचा वापरभार धरून आखलेला असतो. संपूर्ण खोलीवर हा भार नसतो हे खरे, तरीही वरच्या मजल्यावर असा टँक ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्यावा आणि शक्य असेल तर तळमजलाच निवडावा.

फिल्टर तयार होण्याआधी मासा सोडणे

सर्वांत जास्त स्टिंगरे याच चुकीने जातात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. रे भरपूर खातो आणि तितकीच घाणही करतो. त्या घाणीतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. टँकमध्ये आठवडाभर नुसते पाणी फिरवत ठेवल्याने काहीच होत नाही, कारण जिवाणूंना खायला अमोनियाच मिळालेला नसतो. मासा नसताना अमोनिया थेंबाथेंबाने घालून तो लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत न्यावा. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले, की फिल्टर तयार झाला असे समजावे. निरोगी जुन्या टँकमधील स्पंज किंवा सिरॅमिक रिंग मिळाल्या तर हा काळ बराच कमी होतो. हे सगळे थेंबांच्या टेस्ट किटनेच मोजायचे असते. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते याचा अर्थ ते सुरक्षित आहे, असा मुळीच होत नाही.

रे तळाशी सुस्त पडला आहे, डोळ्यांमागची श्वसनछिद्रे भराभर उघडझाप करत आहेत आणि चकतीच्या कडा वर वळू लागल्या आहेत, असे दिसले तर औषधाच्या बाटलीकडे हात नेण्यापूर्वी अमोनिया व नायट्राइट तपासावेत. कडा वळणे ही धोक्याची शेवटची खूण असते. तिथून मासा परत येतो, पण दर वेळी नाही. खाणे ताबडतोब थांबवावे, एअर पंप वाढवावा आणि त्याच तापमानाच्या, क्लोरीन काढलेल्या पाण्याने ३० ते ४० टक्के पाणी बदलावे.

येथे एक सापळा आहे. जुन्या, दुर्लक्षित टँकचा पीएच (पाण्याची आम्लता दाखवणारा आकडा, सातच्या खाली आम्लधर्मी) घसरत सहाच्या खाली गेलेला असतो. अशा आम्लधर्मी पाण्यात जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साठत जातो, पण तो बराचसा कमी विषारी अमोनियमच्या रूपात असतो, त्यामुळे मासा कसाबसा तग धरतो. अशा वेळी कोणी आठ पीएचचे बोअरवेलचे पाणी एकदम अर्धा टँक भरून ओतले, तर तोच साठा विषारी रूपात बदलतो. २८ अंश सेल्सिअसला पीएच ७ वरून ८ वर गेला, की विषारी अमोनियाचे प्रमाण जवळपास दहापट होते. ‘पाणी बदलले आणि मासा मेला’ अशी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे अनेकदा हेच असते. म्हणून संकटाच्या वेळीही आधी दोन्ही पाण्यांचा पीएच मोजावा, आणि फरक मोठा असेल तर १० ते १५ टक्के पाणी दिवसातून दोन-तीनदा बदलावे.

नेहमीसाठी तापमान २६ ते २९ अंश, पीएच ६ ते ७.५, अमोनिया व नायट्राइट शून्य आणि नायट्रेट शक्यतो लिटरला २० मिलिग्रॅमच्या आत असावे. मुंबईच्या तलावांचे पाणी मृदू असल्याने तेथील लोकांचे काम सोपे आहे. बोअरवेलवर अवलंबून असणाऱ्यांनी मात्र कठीण पाण्यात आरओचे पाणी मिसळण्याचा खर्च आधीच धरावा. नळाचे पाणी ड्रममध्ये साठवून, त्यात क्लोरीन काढणारे औषध घालून आणि हवा सोडूनच वापरावे. वीज जाण्याचाही विचार हवा. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावाच. काही तास बंद राहिलेला कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) मात्र लगेच सुरू करू नये, कारण आतले पाणी प्राणवायूअभावी कुजलेले असते. ते ओतून टाकून, टँकच्याच पाण्यात फिल्टर खंगाळून मग जोडणी करावी.

इतर माशांची औषधे आणि मीठ वापरणे

मासा जरा मलूल दिसला की मूठभर मीठ टाकणे हा आपल्याकडचा सर्रास उपाय आहे. समुद्रातील पाकट आपल्या रक्तात युरिया साठवून ठेवतात आणि खाऱ्या पाण्याशी समतोल राखतात. नदीतील या कुळाने ती क्षमता लाखो वर्षांच्या गोड्या पाण्यातील वास्तव्यात गमावलेली आहे, त्यामुळे ‘पाकटच तो, मीठ चालेल’ हा तर्क चुकीचा ठरतो. तांबेयुक्त औषधे, मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिन यांच्या इतर माशांना चालणाऱ्या मात्राही रेला घातक ठरू शकतात. जाणकाराने पाहिल्याशिवाय टँकमध्ये काहीही घालू नये, आणि नवा मासा, मग तो कोणताही असो, किमान महिनाभर वेगळ्या टँकमध्ये ठेवल्याशिवाय रेजवळ सोडू नये.

हीटर, खडे आणि ‘सकर’

रे उबदार जागेवर जाऊन पडतो आणि उघड्या हीटरवर त्याचे पोट भाजते. पोटावर सरळ रेषेत उठलेला पांढरा किंवा लाल पट्टा दिसला तर कारण हीटर हेच समजावे. हीटर संपमध्ये (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या वेगळ्या टाकीत) ठेवावा किंवा त्यावर जाळीचे आवरण घालावे. टोकदार खडी वापरू नये. बारीक, गुळगुळीत वाळू उत्तम, कारण रेला अंगावर वाळू उडवून दडून बसायला आवडते. तळ मोकळा ठेवला तर स्वच्छता सोपी जाते, आणि नवशिक्याने सुरुवातीला तसे केले तरी हरकत नाही.

‘टँक साफ ठेवतो’ म्हणून दिला जाणारा सकर मासा रेसोबत कधीही ठेवू नये. रात्री तो रेच्या पाठीला चिकटून त्यावरील बुळबुळीत थर खरवडून खातो, आणि सकाळी पाठीवर फिकट गोल चट्टे दिसतात. टायगर बार्बसारखे चावरे मासे आणि भांडखोर सिक्लिडही नकोत. सिल्व्हर डॉलर, सेव्हरम असे शांत सोबती चालतात, मात्र तोंडात मावेल तो लहान मासा रे खाऊन टाकतो.

न खाणारे पिल्लू घेणे

खरेदीच्या वेळी दुकानदाराला आपल्यासमोर खाणे टाकायला सांगावे. पिल्लू काचेवर चढले की त्याची पांढरी बाजू नीट पाहावी. पोट किंचित फुगीर असावे. वरून पाहताना शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना सांगाड्याचे उंचवटे वर आलेले दिसत असतील, तर ते पिल्लू बरेच दिवस उपाशी आहे. दया येते हे समजू शकते, पण पहिल्यांदा रे पाळणाऱ्याने असे पिल्लू घेऊ नये.

घरी आल्यावर एक-दोन दिवस न खाणे चिंतेचे नसते. त्यानंतरही खात नसेल तर जिवंत गांडुळे किंवा ब्लडवर्म (पाण्यातील लाल अळ्या) द्यावेत. गांडुळाला सहसा नकार मिळत नाही. फक्त ती खत किंवा कीटकनाशक न मारलेल्या मातीतली असावीत. रेचे डोळे वर आणि तोंड खाली असते, त्यामुळे तो अन्न पाहून नव्हे, तर वासाने आणि विद्युतसंवेदनेने शोधतो. याला वेळ लागतो आणि तोवर वरचे चपळ मासे सगळे पळवतात. मग मालकाला वाटते की रे खात नाही. अशा वेळी वरच्या माशांना एका टोकाला खाणे टाकून दुसऱ्या टोकाला लांब चिमट्याने रेसमोर घास ठेवावा. पिल्लांना दिवसातून दोनदा खाऊ घालावे आणि उरलेले अर्ध्या तासात काढावे. केवळ कोळंबीवर वाढवू नये, कारण कच्च्या कोळंबीत आणि काही माशांत जीवनसत्त्व ब-१ नष्ट करणारे विकर असते. गांडूळ, माशाचे तुकडे, कोळंबी आणि बुडणाऱ्या गोळ्या आलटून पालटून द्याव्यात.

कागदपत्रे न पाहणे

झिंगू नदीतील काळ्या अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा लिओपोल्डी आणि हेनलेई यांसारख्या प्रजाती २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये (व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्रजातींच्या यादीत) घेतल्या गेल्या. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि अशा विदेशी प्रजाती बाळगणाऱ्याने परिवेश २.० या पोर्टलवर नोंदणी करणे २०२४ च्या नियमांनुसार आवश्यक आहे. दुकानदाराकडून प्रजातीचे नाव लिहिलेले पक्के बिल आणि आयातीची कागदपत्रे मागावीत. ती देण्यास टाळाटाळ होत असेल तर खरेदी करू नये. मासा सांभाळणे पुढे अशक्य झाले तर तो तलावात किंवा नदीत सोडू नये. सिंगापूरच्या अप्पर सेलेतार जलाशयात सोडून दिलेल्या मोटोरोंची वस्ती वाढली आहे, आणि आपल्याकडे सकर माशाने उजनीच्या मच्छीमारांना दिलेला त्रास सर्वांना ठाऊक आहे.

काट्याला गृहीत धरणे

शेपटीवरच्या दातेरी काट्यात विष असते. रे स्वभावाने शांत असला आणि हातून खाऊ लागला, तरी दचकला की शेपूट मारतो. टँकमध्ये हात घालण्यापूर्वी तो कुठे आहे हे पाहावे, वाळूत दडला असेल तर विशेष जपावे, आणि मध्ये आडोसा म्हणून जाड प्लास्टिकची जाळी धरावी. हलवताना हातजाळे वापरू नये, कारण काटा जाळ्यात अडकून मासा आणि माणूस दोघेही जखमी होतात. पाण्यासकट मोठ्या टबमध्ये त्याला वळवून घ्यावे. काटा कापू नये. तो पुन्हा उगवतो आणि कापल्याने मात्र जखम चिघळते. अधूनमधून जुना काटा गळून वाळूत पडतो, तोही चिमट्यानेच उचलावा.

काटा लागलाच तर जखम स्वच्छ पाण्याने धुवून तो भाग ४५ अंशांपर्यंतच्या, सोसवेल इतक्या गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवावा. उष्णतेने विषाचा जोर आणि वेदना कमी होतात. पाण्याचा गरमपणा जखम नसलेल्या हाताने तपासावा, कारण वेदनेत दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. छाती, पोट किंवा मानेत रुतलेला काटा स्वतः उपटू नये. वेदना थांबली तरी त्याच दिवशी रुग्णालयात जावे, आणि जखम गोड्या पाण्यातील स्टिंगरेची आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, म्हणजे धनुर्वाताचे इंजेक्शन, आत राहिलेल्या तुकड्यासाठी एक्स-रे आणि पाण्यातील जिवाणूंवर चालणारे प्रतिजैविक यांचा निर्णय त्यांना लगेच घेता येईल.