मोका पॉटची कॉफी: पूड कोणती घ्यावी आणि आच किती ठेवावी

इटलीतील अल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यातून १९३३ साली बाहेर पडलेले शेगडीवर कॉफी करायचे अष्टकोनी ॲल्युमिनियमचे भांडे, म्हणजेच मोका पॉट, आता आपल्याकडील अनेक स्वयंपाकघरांतही दिसते. मात्र पहिल्या काही दिवसांतच कॉफी कडू होते म्हणून पुष्कळ जण ते माळ्यावर टाकून देतात. दोष बहुधा भांड्याचा नसतो. चुकीची पूड आणि मोठी आच ही त्याची खरी कारणे असतात.

या भांड्याचे कार्य समजून घेतल्यास पूड निवडणे सोपे जाते. तळाच्या भांड्यातील पाणी तापू लागले, की तेथे कोंडलेली हवा आणि वाफ यांचा दाब वाढतो. त्या दाबाने पाणी नळीतून वर चढते, मधल्या चाळणीतील पुडीतून झिरपते आणि कॉफी होऊन वरच्या भांड्यात येते. हा दाब साधारण एक ते दोन बार (दाब मोजण्याचे एकक) असतो, तर एस्प्रेसोच्या यंत्रात तो नऊच्या आसपास ठेवतात. त्यामुळे एस्प्रेसोसाठी दळलेली अतिशय बारीक पूड येथे वाट अडवते, आणि भरड पुडीतून पाणी घाईने निघून गेल्याने कॉफी फिकी होते. नेहमीच्या बारीक मिठाएवढे दळण हवे. घरच्या मिक्सरवर दळण एकसारखे होत नाही, तेव्हा थांबत थांबत फिरवावे किंवा दुकानातूनच ‘मोका पॉटसाठी’ असे सांगून दळून घ्यावे.

पाकीट घेताना चिकोरीचे, म्हणजे कॉफीत मिसळलेल्या भाजक्या मुळांच्या पुडीचे, प्रमाण अवश्य वाचावे. आपल्याकडे कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात निम्म्याहून थोडीच अधिक कॉफी असली तरी चालते, आणि ते प्रमाण पाकिटावर छापावे लागते. दाक्षिणात्य फिल्टरमध्ये अशी पूड दाट आणि सुरेख उतरते. मोका पॉटमध्ये मात्र तिचा कडवटपणाच अधिक जाणवतो, म्हणून माझ्या मते येथे चिकोरी नकोच. इन्स्टंट कॉफीचा तर प्रश्नच उद्भवत नाही. काळी कॉफी पिणाऱ्यांनी चिकमगळूर किंवा कोडगूची अरेबिका जातीची मध्यम भाजलेली कॉफी घ्यावी. दूध घालणाऱ्यांनी तिच्यात थोडी रोबस्टा ही दुसरी जात मिसळलेली घेतली, तर दुधातही चव टिकते. आंबटपणा नको असेल, तर पावसाळी वाऱ्यावर फुगू दिलेल्या बियांची मॉन्सून्ड मलबार चांगली. फार काळ्या, तेलकट भाजणीच्या बिया टाळाव्यात. कोकणातील पावसाळी हवेत पूड लवकर सादळते. ती थोडी थोडीच आणावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

नव्या भांड्यात पहिल्या दोन-तीन वेळची कॉफी ओतून द्यावी. त्यानंतर तळाच्या भांड्यात झडपेच्या खालपर्यंत पाणी भरावे. झडप बुडू देऊ नये, कारण दाब प्रमाणाबाहेर गेल्यास वाफ तिच्यातूनच बाहेर पडते. पाणी आधी गरम करून घातले, तर पूड चाळणीत फार वेळ तापत राहत नाही. अशा वेळी तळभांडे कापडाने धरून घट्ट फिरवावे. चाळणी काठोकाठ भरून वरून सपाट करावी, पण पूड दाबू नये. तीन कपांचे पॉट म्हणजे इटालियन छोटे कप, हेही लक्षात असू द्यावे. आपल्या मोठ्या मगात ती एकाच माणसाची कॉफी होते. चाळणी अर्धवट भरून दोन माणसांच्या भांड्यात एकाची कॉफी करण्याची काटकसर मात्र साधत नाही.

गॅसच्या लहान बर्नरवर आच इतकी मंद ठेवावी, की ज्वाला तळाबाहेर डोकावणार नाही. अन्यथा मूठ वितळते. छोटे भांडे शेगडीच्या पायांवर डगमगत असेल, तर पापड भाजायची जाळी खाली ठेवावी. साधे ॲल्युमिनियमचे भांडे इंडक्शनवर तापत नाही, त्यासाठी योग्य तळाचे स्टीलचे पॉट लागते. झाकण उघडे ठेवून पाहत राहावे. कॉफी आधी गडद आणि संथ येते, मग तिचा रंग फिकट पिवळसर होऊ लागतो; त्याच क्षणी भांडे उतरवून त्याचा तळ गार पाण्याच्या धारेखाली धरावा. खळखळाट सुरू होईपर्यंत थांबल्यास पाण्याबरोबर वाफही पुडीतून जाते आणि कडवटपणा उतरतो. वरच्या भांड्यातील कॉफी ओतण्यापूर्वी चमच्याने ढवळावी, कारण आधी आलेली दाट कॉफी तळाशी राहते. आपल्या पद्धतीने साखर, गरम दूध आणि किसलेले जायफळ घालायचे असेल, तर ते कपातच घालावे. भांड्यात दूध कधीही उकळू नये.

भांडे गार झाल्यावरच उघडावे, गरम पाण्याने धुवावे आणि लगेच पुसून सुटे सुटे वाळवावे. काथ्याने किंवा राखेने घासल्यास ॲल्युमिनियम खरवडते. रबरी वॉशर कडक झाला, की जोडातून पाणी गळू लागते. तो बदलताना आपले पॉट किती कपांचे आहे ते दुकानदाराला सांगावे, कारण प्रत्येक मापाचा वॉशर निराळा असतो.