तीन फुटी मत्स्यटाकीसाठी भक्कम लाकडी स्टँड

३६ × १५ × १८ इंचांच्या टाकीत काठोकाठ सुमारे १६० लिटर पाणी मावतं. ८ मिमी काचेची रिकामी टाकीच ३० किलोच्या आसपास भरते. खडी, दगड, फिल्टर धरले की एकूण वजन २०० ते २२० किलोंवर जातं, आणि ते वर्षानुवर्षं हलत नाही.

म्हणून वजन लाकडावरून लाकडावर उतरलं पाहिजे, स्क्रूवर नाही. वरची चौकट खांबांच्या माथ्यावर बसवा, खांबांच्या बाजूला अडकवू नका. बाजूला अडकवली तर सगळा भार थोड्याशा स्क्रूंवर येतो. लाकूड सुकून आकसलं की भोकं सैल होतात आणि एखादा कोपरा मिलिमीटरभर खाली बसतो. लाकूड ते सहन करतं, काच पिळवटते. मग सिलिकॉनचा सांधा सुटतो किंवा तळ तडकतो.

लाकूड २ × ३ इंची, सरळ आणि पूर्ण वाळलेलं घ्या. ओलं लाकूड नंतर वाकतं. कापायचे तुकडे: ३७ इंचांचे ४ (लांब बाजू), १२ इंचांचे ५ (आडवे), २१ इंचांचे ४ (खांब), २७ इंचांचे ४ (आतले जोडखांब). एकूण साधारण ३४ फूट. वाया जाणारं धरून ३८ फूट आणा. माथ्याला १८ मिमी प्लायवूड, ३७ × १६ इंच. पाठीला आणि दोन्ही बाजूंना १२ मिमी. वॉटरप्रूफ प्लायच घ्या. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड पाणी लागलं की फुगतात, आणि टाकीखाली पाणी कधी ना कधी सांडतंच. रंधा मारलेलं लाकूड २ × ३ पेक्षा कमी भरतं. प्रत्यक्ष जाडी मोजा आणि आडव्या तुकड्यांची लांबी त्याप्रमाणे बदला, म्हणजे चौकट १६ इंच रुंदच राहील.

चौकटीतले सगळे तुकडे ३ इंची बाजू उभी ठेवून लावा. आडवे घातले तर तेच लाकूड तेवढ्याच भाराखाली सव्वादोन पट वाकतं. वरच्या चौकटीत दोन टोकांना आणि मध्ये मिळून तीन आडवे, खालच्या चौकटीत दोन. प्रत्येक सांध्याला वॉटरप्रूफ गोंद आणि साडेतीन इंची दोन स्क्रू. आधी ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर टोकाशी लाकूड चिरतं. गोंद सुकण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले तरच चौकट काटकोनात आहे. कमीजास्त असतील तर लांब कर्णाच्या टोकांना दाबून सरळ करा.

चारही खांब एकाच खुणेवर, एका बैठकीत कापा. इथली चूक पुढे कशानेच भरून निघत नाही. खालच्या चौकटीच्या चार कोपऱ्यांवर खांब उभे करा, त्यांची ३ इंची बाजू स्टँडच्या खोलीच्या दिशेने. वर दुसरी चौकट ठेवा. मग प्रत्येक कोपऱ्यात आतून २७ इंची जोडखांब बसवून दोन्ही चौकटींना आणि खांबाला स्क्रूने आवळा. हे तुकडे भार उचलत नाहीत, सगळं जागेवर धरून ठेवतात.

एवढ्यावर स्टँड उभा भार पेलतो, पण बाजूने ढकलला तर हलतो. ती हालचाल प्लाय थांबवतो. पाठीला आणि बाजूंना गोंद लावून दर ६ इंचांवर सव्वा इंची स्क्रू मारा. नळ्या आणि वायरींसाठी पाठीला भोक हवंच. ते कोपऱ्यापासून दूर ठेवा.

माथ्याचा प्लाय बसवल्यावर दोन दोऱ्या कर्णांवर ताणून बांधा, चारही टोकं कडेलाच टेकवून. मध्यभागी दोऱ्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. फट दिसली किंवा एकीने दुसरीला दाबलं, तर माथ्याला पीळ आहे. मग सरळ पट्टी लांबीत आणि रुंदीत फिरवा. १ मिमीपेक्षा मोठा उंचवटा असेल तर रंधा किंवा पॉलिश पेपरने काढा. त्यानंतरच पॉलियुरेथेनचे तीन हात द्या. प्लायच्या कडांना जास्त, कारण पाणी तिथूनच शिरतं.

स्टँड जागेवर ठेवून पाणसळ लावा. फरक असेल तर पाचर स्टँडच्या पायाखाली, खांबांच्या बरोबर खाली घाला. टाकीखाली पाचर कधीच नको, कारण सगळा भार त्या एका ठिकाणी एकवटतो. स्टँडची वरची कड भिंतीला ब्रॅकेटने अडकवा. लहान मुलं असतील तर हे टाळू नका.

सपाट तळाची बिनचौकटीची टाकी असेल तर खाली ५ ते १० मिमीचा फोम घाला. प्लास्टिकची चौकट असलेल्या टाकीचा तळ उचललेला असतो. तिथे फोम नको, तो काचेला खालून ढकलतो.

आधी एक तृतीयांश पाणी भरा आणि चार कोपऱ्यांत काठापासून पाण्याची पातळी मोजा. फरक ३ मिमीच्या आत असेल तर पुढे भरा आणि २४ तासांनी पुन्हा मोजा. जास्त असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून मगच पाचर बदला.